वस्तरा कुणाच्या हातात? दाढी-हजामत शिकण्याचा एक दुर्लक्षित इतिहास

साताऱ्यात न्हावी होते आणि त्यांना द्यायला घरात पैसेही होते. तरीही निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ यांच्या मुलांचे केस कापण्याचे, डोई करण्याचे काम घरातली थोरली मुलगी करत असे. तिला हे कोणी शिकवले नव्हते. भावांच्याच डोक्यांवर हात बसवत ती या कामात तरबेज झाली.

त्या भावांतला सर्वांत धाकटा म्हणजे भीमराव. पुढे १९३५ च्या सुमारास ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात डॉ. आंबेडकरांनी ही आठवण नोंदवली आणि तिचे कारणही सांगितले. अस्पृश्याची हजामत करायला गावातला कोणताही न्हावी राजी नव्हता.

वस्तऱ्याचा इतिहास सांगताना सहसा पॅरिस, शेफिल्ड, जिलेट अशी नावे येतात. ती या धाग्यातही येतील. पण मराठी मुलखात वस्तरा हाती धरायला कोण शिकले, का शिकले आणि कोणाला शिकण्याची गरजच पडली नाही, हे समजून घ्यायचे तर आधी गावात जावे लागते.

दौंड तालुक्यातील राहू आणि त्याभोवतीचा प्रदेश ‘राहू बेट’ म्हणून ओळखला जातो. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा. भीमा ओलांडली की शिरूर तालुका. आज हा उसाचा आणि गुऱ्हाळांचा टापू आहे. दोनशे वर्षांपूर्वी मात्र येथील गावे भीमाखोऱ्यातल्या इतर गावांसारखीच बलुत्यावर चालत.

या व्यवस्थेचे एक जुने वर्णन राहूच्या पश्चिमेकडच्या लोणीकंदचे आहे. पेशवाई बुडाल्यावर लगेच, १८१९ च्या सुमारास, टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने या गावाची पाहणी केली. शेते, घरे, धान्य, कपडे, कर्ज, बलुतेदार असे सगळे त्याने टिपले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातल्या फार थोड्या खेड्यांच्या वाट्याला असे दोन आरसे आले आहेत.

बारा बलुतेदारांच्या तीन ओळी मानत. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, चांभार, महार. मधल्या ओळीत कुंभार, परीट, मांग यांच्याबरोबर न्हावी. गावोगाव या यादीत थोडाफार फरक पडे, पण न्हाव्याचे स्थान पक्के होते. सुगी झाली की खळ्यावर धान्याच्या राशीतून त्याचा वाटा निघे. त्या बदल्यात वर्षभर घरातल्या पुरुषांची डोई, दाढी आणि नखे त्याने सांभाळायची. लग्नात मशाल धरायची, दुखरे अंग रगडून द्यायचे, रक्त काढायला तुंबड्या लावायच्या. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आज थट्टेत वापरली जाते. तिच्यामागे एक खरा वैद्यकी व्यवसाय होता, हे मात्र विसरले गेले आहे.

या व्यवस्थेत एक बारकावा दडलेला आहे. मोबदला दाढीमागे नव्हता, वर्षामागे होता. म्हणजे एखाद्या कुणब्याने स्वतःच्या हाताने दाढी करायला शिकायचे ठरवले असते, तर त्याचा दाणाभरही फायदा झाला नसता. न्हाव्याचे बलुते द्यावेच लागले असते. शिवाय हात कापला जाण्याची भीती. स्वतःची दाढी स्वतः न करण्यामागे आळस नव्हता, साधा हिशोब होता.

त्यामुळे वस्तरा शिकण्याची खरी शाळा न्हाव्याच्या घरातच भरे. त्याच्या काखेतल्या धोकटीत थोडीच हत्यारे असत. वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढायची नराणी, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी आणि छोटा आरसा. साबण नव्हता. नुसत्या पाण्याने दाढी बराच वेळ चोळून भिजवत. हे मागासलेपण वाटण्याचे कारण नाही. केस पाणी शोषून फुगतो आणि मऊ पडतो. कोरडा केस तारेसारखा चिवट असतो, भिजलेला केस पात्यापुढे सहज नमतो. फेसाचे काम मुख्यतः हा ओलावा धरून ठेवण्याचे आणि पाते घसरते राखण्याचे.

पोराच्या हातात प्रथमच माणसाचा गाल दिला जात नसे. आधी भिजवलेल्या मडक्यावर वस्तरा फिरवून मनगट तयार करून घेत, असे जुन्या कारागिरांकडून सांगितले जाते. मडक्याचा गोलावा डोक्यासारखा, आणि चुकले तर रक्त नाही. आजच्या प्रशिक्षणवर्गांत मडक्याची जागा फेस लावलेल्या फुग्याने घेतली आहे. फुगा जास्त कडक गुरू म्हणावा लागेल. मडके चूक पोटात घालते, फुगा ती साऱ्या वर्गाला ऐकवतो.

नवशिक्याला नेमके काय शिकायचे असते? पहिली गोष्ट, कोन. पाते त्वचेवर आडवे टेकवले तर ते केसावरून नुसते सरकते. उभे धरले तर कातडी खरवडते. या दोहोंच्या मध्ये, साधारण तीस अंशांवर, ते कापते. दुसरी गोष्ट, मोकळा हात. खरे काम वस्तरा न धरलेला हात करतो. तो कातडी ताणून सपाट करतो आणि वस्तऱ्याला रस्ता देतो. तिसरी गोष्ट, दाब न देणे. नवशिका हमखास दाबतो, कारण त्याला वाटते की जोराने कापले जाते. पात्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते. आणि धारेच्या रेषेत, आडव्या दिशेने वस्तरा कधी सरकू द्यायचा नाही. तसे झाले की क्षणात चीर पडते आणि कळायच्या आत रक्त येते.

गाल सोपा. हनुवटीचा उंचवटा आणि वरचा ओठ ही परीक्षेची ठिकाणे. गळ्यावर केसांची दिशा मध्येच फिरते, म्हणून तेथे आधी बोटाने चाचपून केस कुठे वळले आहेत ते पाहावे लागते. मुरलेला कारागीर हे डोळ्यांनी कमी आणि बोटांनी अधिक पाहतो.

याहून अवघड धारेची निगा. दगडावर धार काढतात ती अधूनमधून. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवायचा मात्र प्रत्येक दाढीपूर्वी, आणि तोही उलटा. पाठ पुढे, धार मागे. धार पुढे ठेवून ओढला तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. टोकाशी पोचल्यावर वस्तरा उलटवायचा तो पाठीवर लोळवून, धारेवर कधीच नाही. नवशिक्यांच्या हातून वस्तरे बिघडतात ते बहुधा गालावर नव्हे, पट्ट्यावर.

पण पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेला केस पोलादाची धार बोथट तरी कशी करतो? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळायला २०२० साल उजाडावे लागले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी केस कापला जाताना पात्याचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले. धार नुसती झिजत नाही, तिचे अतिसूक्ष्म टवके उडतात, असे त्यांना दिसले. केस वाकून तिरका आला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना असमान असली, की टवका उडतो. दाढी नीट भिजवावी आणि कातडी ताणून केस उभा करावा, या जुन्या शिस्तीकडे त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहता येते.

पोलादाचा विषय निघालाच आहे, तर एक उपकथा. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. लंडनचा नामांकित हत्यार-कारागीर जेम्स स्टोडार्ट या पोलादावर इतका खूश झाला, की बारीक धारेच्या हत्यारांसाठी तो ते आवर्जून वापरू लागला. पुढे मायकेल फॅरडेने त्याच्यासोबत पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले आणि त्यातून वस्तरेही घडवले गेले. एकोणिसाव्या शतकात मात्र प्रवाह उलटा फिरला. शेफिल्डचे वस्तरे भारतीय बाजारात आले आणि गावच्या लोहाराने घडवलेल्या पात्याची सद्दी हळूहळू संपली.

युरोपातही स्वतःची दाढी स्वतः करणे ही फार जुनी गोष्ट नाही. तेथेही ते न्हाव्याचेच काम होते. १७४० च्या दशकात शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद बनवण्याची रीत बसवली आणि चांगल्या धारेचे, टिकाऊ वस्तरे सामान्य सधन माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. १७६९ मध्ये पॅरिसचा हत्यार-कारागीर जाँ-जाक पेरे याने एक पुस्तकच लिहिले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो, स्वतःची दाढी स्वतः करण्यास शिकण्याची कला. नवशिक्यांसाठी त्याने पात्याला एक आडोसाही बसवला, धारेची निमुळती कड तेवढी बाहेर राहील असा. सुताराच्या रंध्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात.

पेरेच्या वाचकाला न्हावी उपलब्ध होता. तो शिकत होता सोयीसाठी, हौसेसाठी. साताऱ्यातल्या मुलीची गोष्ट नेमकी येथे वेगळी पडते.

गावच्या महारांचेही बलुत्यात स्थान होते. सीमा राखणे, निरोप पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी कामकाजात राबणे ही कामे त्यांच्याकडून घेतली जात. पण न्हाव्याचा वस्तरा त्यांच्या गालापर्यंत पोचत नसे. परटाचा घाटही त्यांच्यासाठी नव्हता. त्यामुळे ही कामे त्यांना आपसांतच शिकून घ्यावी लागली. कुंभार-सुतारांच्या घरात कधीही गरज न पडलेली ही कला महारवाड्यात सक्तीची होती, आणि तरीही तेथे ती शिकवणारा कोणी उस्ताद नव्हता. रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, घरात शिक्षण होते, पेन्शन येत होती. तेवढ्याने वस्तऱ्याचा नियम बदलला नाही. मुलांची आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या. घरातल्या मुलींवर धुणे आले आणि थोरलीवर हजामतही.

यात न्हाव्याला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ज्याने महाराची दाढी केली त्याच्या वस्तऱ्याला पाटील-कुणबी गाल लावू देणार नाहीत, हे त्याला ठाऊक होते. त्याचे वर्षभराचे धान्य याच लोकांच्या खळ्यावर होते. तो मधल्या ओळीतला माणूस, अक्षरशः मध्ये अडकलेला. यामुळे त्याचा नकार न्याय्य ठरत नाही. तो नकार कोणाच्या जोरावर उभा होता, एवढे कळते.

हाच हिशोब सातासमुद्रापार एका बॅरिस्टरासमोर आला, आणि तोही जवळपास त्याच काळात. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियातील गोऱ्या न्हाव्याने मोहनदास गांधी यांचे केस कापायला तुच्छतेने नकार दिला. गांधींनी केस कापायचे यंत्र विकत घेतले आणि आरशापुढे उभे राहून स्वतःच केस कापले. पुढचे कसेबसे जमले, मागचे बिघडले. कोर्टातले मित्र हसले. इंग्लंडला जाणारा माणूस दाढी तरी स्वतः करायला शिकतो, केस कापायला मात्र कोणी शिकत नाही, अशी नोंद त्यांनी आत्मकथेत केली आहे. त्यापुढचे त्यांचे म्हणणे अधिक महत्त्वाचे. त्या न्हाव्याला त्यांनी दोष दिला नाही. काळ्यांचे केस कापले तर गोरी गिऱ्हाइके तुटतील ही भीती त्यांनी ओळखली, आणि आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची हजामत करू देत नाही, याची आठवण करून दिली.

दोन्ही प्रसंगांत एक फरक राहतोच. गांधींचे बिघडलेले केस महिन्याभरात वाढले आणि तो किस्सा झाला. साताऱ्याच्या घरात हा किस्सा नव्हता, नित्याचा दिनक्रम होता.

वस्तऱ्याची दुसरी बाजू याहून अंधारी आहे. ब्राह्मण आणि आणखी काही उच्चवर्णीय घरांत नवरा वारला की स्त्रीचे केशवपन होई, आणि ते एकदाच नव्हे. केस वाढले की न्हावी पुन्हा बोलावला जाई. एकीकडे ज्यांना वस्तरा हवा होता त्यांना तो नाकारला जात होता, दुसरीकडे जिला तो नको होता तिच्या डोक्यावर तो सक्तीने चालवला जात होता. दोन्ही ठिकाणी हात एकाच माणसाचा आणि हुकूम दुसऱ्यांचा.

१८९० मध्ये मुंबईत त्या हातानेच नकार दिला. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे संघटक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असा निर्धार त्यांनी केला. सुधारकांच्या व्याख्यानांना आणि वृत्तपत्री वादांना तोवर बरीच वर्षे झाली होती. त्या वादांत न्हाव्याचे मत कोणी विचारल्याचे फारसे आढळत नाही. या सभेने ते मत न विचारताच सांगितले. केशवपन त्याने लगेच थांबले नाही. पण ज्याच्या हाताशिवाय ही रूढी एक दिवसही चालू शकत नव्हती, त्याने हात मागे घेतला, आणि भारतातील कामगारांच्या लढ्यांच्या इतिहासात या घटनेला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अजून मिळालेली नाही.

यानंतर वस्तरा शिकण्याची गरजच कमी करणारे यंत्र आले. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी फिरत्या विक्रेत्याने पातळ, फेकून देता येणाऱ्या पात्याचा रेझर काढला. १९०३ या पहिल्या वर्षी त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात मात्र अमेरिकी सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर पुरवले गेले. घरी परतलेला सैनिक आपली दाढी आपण करण्याची सवय सोबत घेऊन आला.

पेरेने दीडशे वर्षांपूर्वी लाकडी आडोशाने जे साधू पाहिले, ते येथे पूर्ण झाले. कोन यंत्रानेच ठरवून टाकला. धार लावणे संपले, पट्टा संपला. शिकायला महिने लागणारी गोष्ट आठवड्यावर आली. भारतात आधी आयात पाती आली आणि स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांची. दोन बोटांत मावणाऱ्या त्या कागदी पुडीने एक गोष्ट निमूटपणे केली. दुकानदाराकडून पाते विकत घेणाऱ्याला दाढीसाठी कोणाच्या संमतीची गरज उरली नाही. डोक्याचे केस कापायला मात्र दुसऱ्याचे हात लागतातच, त्यामुळे न्हाव्याच्या दुकानाच्या उंबरठ्यावरचा प्रश्न पात्याने सुटणारा नव्हता.

तो कायद्याकडे गेला. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने ती पाळणे शिक्षापात्र ठरवले. त्या कायद्याच्या सहाव्या कलमात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला वस्तू विकायला किंवा सेवा द्यायला नकार देणे हा गुन्हा मानला आहे. दाढी-हजामत त्या ‘सेवा’ या एका शब्दात बसते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. कायदा झाल्यावरही देशातल्या अनेक गावांतून न्हाव्याने नकार दिल्याच्या तक्रारी येत राहिल्या.

बलुते गेले, रोखीचा व्यवहार आला, चावडीजवळच्या झाडाखालची हजामत सलूनच्या खुर्चीवर आली. दौंड-शिरूर भागातल्या बाजारगावांत आज दाढीचा दर ठरलेला असतो. जो बसेल त्याने पैसे द्यायचे आणि उठायचे. भिंतीवर आरसा इतका मोठा असतो की धोकटीतला तळहाताएवढा आरसा कोणाला आठवतही नाही.

जुना वस्तराही बहुतेक दुकानांतून गेला. १९९० च्या दशकात एड्सविषयी जागृती वाढली आणि एकाच पात्याने अनेकांची दाढी करण्याची भीती लोकांना वाटू लागली. आता मूठ वस्तऱ्याचीच असते, पण तिच्यात अखंड पाते नसते. कारागीर गिऱ्हाइकासमोर कागदातून नवे ब्लेड काढतो, ते मधोमध मोडतो, अर्धे मुठीत बसवतो आणि दाढी झाली की काढून टाकतो. पुढच्या गिऱ्हाइकासाठी दुसरे अर्धे.